सातवा

बिलावर सहाच आहेत.
हवालदाराने ते उजेडाकडे धरून मोजले,
मग मला तुटक हिंदीत: कितने दिए?
मी म्हटलं, सहा.

जुफैरच्या या बारला खिडकी नाही.
बाहेर किती उकडतंय ते फक्त
जाणाऱ्यांच्या चष्म्यावर कळतं.
दार उघडलं की काच आंधळी होते.

कुरुविला साहेब हिशेबनीस. दर गुरुवारी.
तिसऱ्याला हसतात, चौथ्याला मल्याळममध्ये शिरतात,
सहाव्याला मला 'मोने' म्हणतात, म्हणजे बाळा.
आमच्याकडे ते आडनाव असतं.
काल सहाव्यानंतर मोबाइल पुढे केला:
मुलीचं लग्न, कोट्टयमला, रविवारीच झालं.
रजा मिळाली नव्हती.
मी तीस मिलीचं माप बाजूला ठेवलं
आणि बाटली सरळ ग्लासात कलती केली.
हा माझ्याकडून, साहेब.

बाहेर पडले. चष्म्यावर वाफ.
पार्किंगमध्ये शफिकुल गाडी पुसत होता,
त्यांचीच.
कुणी म्हणतं आधी शिवी, कुणी म्हणतं आधी बादली.
दोन दात गेले. ते त्याने
फडक्याच्या कोपऱ्यात बांधून ठेवलेत,
डॉक्टर परत बसवेल म्हणून.

मॅनेजर म्हणतो, आपण दारू विकतो,
अक्कल ज्याने त्याने घरून आणायची.
बरोबर आहे.
रेमेडियोस म्हणतो, बुडणाऱ्यासाठी
विहीर खणणाऱ्याला कुणी धरतं का?
तेही बरोबर.

माझा बाप वेंगुर्ल्यात माडी काढायचा.
त्याच्याकडे माप नव्हतं, करवंटी होती.
गिऱ्हाइकाचं तोंड बघायचा
आणि मडक्यावर झाकण ठेवायचा:
संपली. घराक जा.
आत हिंदकळत असायची, सगळ्यांना ऐकू यायची.
एकदा एकाने त्यावरून
त्याच्या कानाखाली वाजवली.
बापाने ती खाल्ली.
माडी दिली नाही.

सातवा ग्लास मीच धुतला, काल रात्रीच,
दोनदा.

आज संध्याकाळी शफिकुल मागच्या दाराला आला.
सुजेवर लावायला बर्फ हवा होता.
बोलता येत नव्हतं, नुसती ओंजळ पुढे केली.
ती भरली,
तरी मी ओततच राहिलो.