कच्ची कीर्द

माघ वद्य तृतीया. दुकान बंद केल्यावर
शेठ म्हणाले, दिवाणजी, नवी वही काढा.
भाविनीच्या लग्नाआधीची एक रात्र
हिशेबात बसवायची आहे.

मी लिहिलं: रासगरबा. खाली दोन रेघा मारल्या.
पाहुणे जामनगरचे, सत्त्याऐंशी,
म्हणजे टिपऱ्या एकशे चौऱ्याहत्तर.
आतून मंजुळाबेन म्हणाल्या,
आणि वेंगुर्ल्याची माणसं काय
नुसती बघत उभी राहणार?
मी आकडा खोडला. एकशेवीस जोड.

सावंतवाडीचा चितारी जन्मभर
लाकडी केळी, सीताफळं रंगवत आलेला.
त्याचा पहिला नमुना लाटण्याएवढा जाड.
मंजुळाबेननी त्यावर पुरी लाटून दाखवली.
दुसरा बारीक, लाखेचा, लालपिवळा,
हातात घेतला की वाजवावासा वाटे.

जागा मिळेना.
शाळेचं पटांगण परीक्षेत अडकलेलं.
हॉलच्या ऐन मध्यात खांब,
खांबावर माजी अध्यक्षांची तसबीर;
फेर धरायला बरंच की, हॉलवाला म्हणाला,
मधे कोणीतरी लागतंच ना.
राहिलं बंदराजवळचं खळं, जिथे बांगडे सुकतात.
शेठ गप्प झाले. त्यांच्या घरात कांदासुद्धा शिवत नाहीत.
सोसायटीचा रुजार जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला,
"शेटानू, सांजेक खारो वारो पडता,
मगे मतलय सुटता.
वास जातलो अरबस्तानाक, तुमच्या पावण्यांका नाय."
चार दिवस तो मासळी पलीकडच्या खडकांवर घालील.
भाडं विचारलं तर म्हणाला,
आमच्या बायलांका पण घेवा फेरात.
लिहिलं: जागाभाडं, शून्य.
टिपऱ्या आणखी तीस जोड.

राजकोटचा ढोली मोटरसायकलवरून पडला.
मग दशावताराचा मृदंगवाला, बाबल.
मंजुळाबेननी गव्हाच्या पोत्यावर
बोटांनी ठेका वाजवून दाखवला.
"सहाच मात्रा मा? मगे घाबरतास कित्याक?"
कित्याक ते तालमीत कळलं.
दर चार फेऱ्यांनी बाबलचा हात सवयीने
संकासुराला आत आणायचा.
बायका थांबायच्या, दाराकडे बघायच्या.
गोणीमागून मांजर यायचं.

गोदामातल्या त्या तालमी!
वाडीतल्या मुली टाळी चुकल्या
की सरळ फुगडीत शिरायच्या,
तांदळाचा कोंडा उडायचा,
खोकत खोकत हसायच्या.
टिपऱ्या अजून यायच्या होत्या,
म्हणून कोणी झाऱ्या घेई, कोणी छत्रीची काठी,
माझा शिसवी रूळसुद्धा
मंजुळाबेन न विचारता घेऊन गेल्या.

एकतीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या
तेव्हा नवरात्रात फेर धरायला कोणी नव्हतं.
स्वयंपाकघरात दिवा ठेवायच्या
आणि त्याच्याभोवती एकट्याच.
त्याबद्दल एकदाच बोलल्या, तेही तालीम चालू असताना:
एकटीचा फेर फार लवकर पुरा होतो.
मग मुलींना म्हणाल्या, पुन्हा, पहिल्यापासून.
मी पेन्सिल घेऊन बसलो होतो.
हे कुठल्या खात्यावर घालायचं, कळलं नाही.

आज टिपऱ्या आल्या. दोनदा मोजल्या.
तीनशे एक.
जादा एकीच्या टोकाला चिताऱ्याने
जुन्या सवयीने काजूचं बोंड काढलेलं,
हिरव्या देठासकट.
परत पाठवा, शेठ म्हणाले.
मी हो म्हणालो.

आता रात्री कंदिलाशेजारी
तिनेच रेघा मारतोय.
लाख गुळगुळीत आहे, टिपरी घरंगळते,
रेघ शेवटी थोडी वर चढते.
जमा: एक टिपरी.
नावे: एक रूळ, शिसवी, वडिलांचा.

पहाटे कुडाळ स्टेशनावर
कोणीतरी बत्ती घेऊन उभं राहायला हवं,
हे लिहायचंच राहिलं.