चार गुंठे लव्हाळा

छत्तीस वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली.
लोखंडाचं एक बरं असतं,
जेवढं कापलं तेवढं कापलेलं राहतं.
सकाळी येऊन बघावं
तर रात्रीतून वाढलेलं नसतं.

निवृत्तीनंतर कडोलीत
चुलतभावाचे चार गुंठे कसायला घेतले.
कोथिंबीर, नवलकोल, दोन सऱ्या बटाटा,
कडेला लाल मुळा.
दोरी धरून वाफे आखले, कोपरे गुण्याला लावले.
जाणारे-येणारे सायकल थांबवून बघायचे.
आठव्या दिवशी लव्हाळा आला.

खुरप्यानं कापला, चौथ्या दिवशी आला.
उपटला. पात हातात राहिली,
खाली कुठंतरी काहीतरी तुटल्याचा
बारीक आवाज झाला फक्त.
मग खणलं.
एक गाठ, तिच्यापुढं दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ,
काळी, सुपारीहून लहान,
दोरा खाली, दोरा आडवा,
दोरा बांधाखालून निलव्वाच्या मिरचीत.
तिचा तिकडून माझ्याकडं आला
की माझा इकडून तिच्याकडं गेला,
हे आम्ही एकमेकांना
एकदाही विचारलं नाही.

पहिल्या वर्षी बांधावर उभी राहून ती म्हणाली होती,
“कस भाळ बंदैत्रि, काका.”
माझं कन्नड कारखान्यातलं,
पाळी, पगार, सुट्टी, पान्यांचे नंबर.
मला वाटलं, बाई म्हणतेय जमिनीत कस आहे.
खुशीत मान हलवली,
घरी येऊन शालनलाही सांगितलं.
कस म्हणजे तिच्याकडं तण,
हे कळेपर्यंत एक पीक गेलं.

मल्चिंगचा काळा कागद अंथरला,
रोपांसाठी पंधरा-पंधरा इंचांवर भोकं पाडली.
लव्हाळ्यानं आपली वेगळी पाडली.
खतांच्या दुकानातला परशराम म्हणाला,
“औषध हाय की.
पण कोथमीर पण जाणार त्याच्यासंगट.”

बटाटा काढताना एक बटाटा असा निघाला,
त्यातून लव्हाळा आरपार.
इकडून शिरलेला, तिकडून निघालेला,
भोवती चीर नाही, कड दुखावलेली नाही.
मी चष्मा पुसला.
अडीच मिलिमीटर असेल.
असं भोक पाडायला मला
ड्रिल लागलं असतं, वरून थंड पाण्याची धार,
आणि चाळिशीतला हात,
तरी दहातली दोन कामं बाद झाली असती.

निलव्वाला दाखवला.
तिनं पदराला पुसून परत दिला
आणि खुरपं आडवं धरून दाखवलं,
खणायचं नाही, ओढायचं नाही.
वर आला की कापायचा, आला की परत.
पान डोळा उघडायच्या आत गेलं पाहिजे,
खालची गाठ उपाशी मेली पाहिजे.
“किती वर्षं?” मी मराठीतच विचारलं.
ती बोटांवर मोजायला लागली,
सासूचं नाव घेतलं, सासूच्या सासूचं घेतलं,
मग मोजणं तसंच सोडून
मिरचीत वाकली.

आता सकाळी सहाला भांगलायला बसतो.
सातव्या वाफ्याला पोचेपर्यंत
पहिल्यात टोकं दिसायला लागतात.
कधी एखादा दांडा बोटांत फिरवून बघतो.
जन्मभर गोलच काढले मी, लेथवर दुसरं काय निघणार.
हा तिकोनी. तिन्ही कडा सारख्या.

भोकाचा बटाटा खिडकीत ठेवलाय,
भाजीत घालू देत नाही.

संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसलो
की बोटांना वास येतो,
दिवाळीच्या उटण्यातला असतो तसला.
काल शालन वाढता वाढता थांबली,
“साबण कुठला आणलासा हो नवीन?”
साबण नव्हे, म्हटलं.
कस.