नव्वद सेंटिमीटरवर

गुरुवारी सभागृहात सात शेतकरी होते, आणि आयलीन.
मॅलीच्या या टोकाला एवढीच गर्दी जमते.
फुटबॉल क्लबची भिंत, त्यावर १९६८ चा संघ,
संघात तिचा सासरा, हाताची घडी, उन्हामुळे डोळे बारीक.
टेबलावर खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन,
आधी कोण उचलतो याची वाट पाहत.

ॲडलेडहून आलेला कीरन, बूट जरा जास्तच नवे,
फळ्यावर लिहीत होता:
एप्रिल ते ऑक्टोबरचा पाऊस. त्यातून एकशेदहा वजा.
उरेल त्याला वीसने गुणा.
इतके किलो गहू हेक्टरी, तेही सगळं नीट जुळलं तर.
‘एकशेदहा कशाला?’ मर्व्ह लिंकेने विचारलं.
‘तेवढे मातीवरूनच उडून जातात.
कुणाच्या कामाचे नसतात.’

आयलीनला वाटलं, माणसांचाही असाच हिशेब असणार.
एकतीस वर्षांच्या संसारातून
आधी किती वजा धरायचे,
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तो म्हणाला, जमीन ही तुमची बँक.
ते काही तिला पटलं नाही.
बँक महिन्याच्या महिन्याला कागद पाठवते.
जमीन पाठवते धूळ,
नेमकी वाळत घातलेल्या चादरींवर.

यंदा मात्र फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात,
एका रात्रीत अठ्ठेचाळीस मिलिमीटर पडला होता,
नको त्या वेळी, न सांगता जेवायला येणाऱ्या दिरासारखा.
रेक्सने आठवड्याच्या आत तण मारलं
म्हणून ते पाणी कुणी प्यायलं नाही.
ते उतरत गेलं. वीस. चाळीस. साठ.
कुंपणाजवळ पुरलेल्या यंत्राने
फोनवर निळी रेघ काढली:
नव्वद सेंटिमीटरवर ओल आहे.
वरचा चार बोटं थर
भाजलेल्या पिठासारखा.

‘आता प्रत्येकाने लिहा,’ कीरन म्हणाला,
‘एक टन गहू तुम्हाला कितीला पडतो.’
पेन्सिली थांबल्या.
रेक्सने खिडकीतून सायलोकडे पाहिलं,
जणू आकडा तिथे रंगवून ठेवलाय.
‘ते बायकोला विचारावं लागेल,’ मर्व्ह म्हणाला,
नि हसला. बाकीचेही हसले.

‘तीनशे अकरा डॉलर,’ आयलीन म्हणाली.
‘मागल्या वर्षी दोनशे शहाण्णव.
वाळूच्या टेकाडावर चारशेच्या वर, दर वर्षी.
एकोणीस वर्षं आपण तिथे पैसे पेरतोय, रेक्स.’

किटली तेवढी बोलत राहिली.

परतीच्या बावीस किलोमीटरांत गाडीत शब्द नाही.
शेजाऱ्यांनी कोरड्यातच पेरणी धरली होती,
प्रत्येक ट्रॅक्टरमागे धुळीचा एकेक तंबू,
आणि रेक्सचा अंगठा स्टिअरिंगवर टकटक, टकटक.

फाटकाशी तो उतरला. मागून सळई काढली,
बापाची, टोकाला पोलादी गोळी,
मूठ दोन पिढ्यांनी गुळगुळीत केलेली.
‘तूच बघ.’

तिने दोन्ही हातांनी, मग पोटानेही रेटली.
वरची कवची कुरकुरली,
आणि मग जमिनीने वाट दिली
थेट मांडीइतक्या खोलीपर्यंत.
टेकाडावर वीतभर गेली, अडली. बास.

‘सखलात गहू,’ ती म्हणाली.
‘आणि हे?’
‘पडीक. मेंढ्या फिरतील.’
‘लोक काय म्हणतील?’
‘लोकांना स्वतःचा आकडा माहीत नाही.’
तो काही बोलला नाही. टेकाडाकडे पाहत राहिला,
जुन्या कुत्र्याकडे पाहावं तसा.

रात्री तिने पावसाची वही उघडली.
सासऱ्याचं अक्षर, मग तिचं. मोजपात्र कोरडं.
आजच्या रकान्यात: शून्य.
बाहेर पडवीत रेक्स फडकं शोधत होता.
‘सळई पुसू नकोस,’ ती आतून म्हणाली,
‘टोकाला चिकटलंय ते मला सकाळी
उजेडात बघायचंय.’