'नाही'चं बटण

खेळ अवघा वीस मिनिटांचा.
चित्रं बोग्नाची, वाक्यं बोग्नाची,
मी फक्त कोड लिहिला.
टोरूनमध्ये त्या फेब्रुवारीत
नदीकाठचा बर्फ साचून काळा पडला होता
आणि तिच्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीत
हीटर अकरानंतर खोकायचा.

ओल्गिएर्दचे तिने सात चेहरे काढले.
सातही हसरे.
मी म्हटलं, एखादा रागावलेला नको का? भयकथा आहे ना?
ती म्हणाली, "तो कधीच रागावला नाही."
मग पेन्सिलीच्या टोकाकडे बघत,
"रागावत नाही. ओल्गिएर्द रागावत नाही."
क्रियापदाचा काळ तिने घाईने बदलला.
मला ऐकू आलं,
पण मी तेव्हा एका हरवलेल्या कंसाच्या मागे होतो.

खेळातली मुलगी ग्रंथालयात काम करते.
रोज तिच्या दाराशी एक बिस्किट,
आमच्या गावची ती मध-आल्याची, बदामाच्या आकाराची,
वर पांढऱ्या साखरेनं लिहिलेलं
आधी तिचं नाव.
मग तिच्या मांजराचं.
मग जिन्याच्या पायऱ्या: सत्त्याऐंशी.
मग झोपेत ती ज्या कुशीवर वळते, ती कुशी.

दर वेळी पडद्यावर दोन बटणं येतात.
'हो' दाबलं की तो आत येतो.
'नाही' दाबलं की तो म्हणतो,
"तुला तसं म्हणायचं नाहीये, मला माहीत आहे,"
आणि आत येतो.

आठवडाभर बोग्ना असा शेवट शोधत होती
ज्यात 'नाही' चालेल.
नऊ मसुदे झाले.
एकात पोलीस येतात, विचारतात, मारलं का त्यानं?
नाही? मग?
एकात मुलगी गाव बदलते. नव्या उंबऱ्यावर बिस्किट.
एकदा तर त्याला नदीत ढकललं तिनं,
आणि सकाळी स्वतःच खोडलं. "खोटं वाटतंय."
मग नुसता त्या बटणाचा रंग बदलत बसली,
लाल, अजून लाल,
नन्नाचा पाडा जोरात म्हटला
की ऐकू जाईल, तसं.

गुरुवारी चौथा प्रसंग आला.
त्यात मुलीचा एक मित्र आहे. त्याला नाव नाही,
चेहराही नाही, नुसती करडी आकृती.
ती त्याला चिठ्ठ्यांचा डबा उघडून दाखवते.
तो सूप पिता पिता म्हणतो,
"नशीबवान आहेस! माझ्यावर कोणी एवढा जीव लावत नाही."

मी वाक्य कोडमध्ये चिकटवलं.
अवतरणचिन्हं नीट केली.
आणि हात तिथेच राहिला.

बिटाचं सूप होतं.
विद्यापीठाचं कॅन्टीन, दुसरं वर्ष,
बुटांचा खोका, निळं झाकण.
माझा चमचा.

जीव लावणं आणि जिवावर उठणं
यांच्यामध्ये किती पायऱ्या,
ते तिला पाठ होतं तेव्हाच.
खोका माझ्यापुढे सरकवताना तिचं नख
झाकणाच्या कडेवर वाजत होतं.
मी ब्रेड मागितला होता.

रात्री तिनं विचारलं, चौथा प्रसंग बसला का?
बसला, म्हटलं.
त्या करड्या आकृतीला चेहरा देऊ या का?
"नको," ती म्हणाली, "खेळणाऱ्याला आपला लावता यावा."

आता खेळ कुठेच संपत नाही.
खिडकी बंद करावी लागते, तेवढंच एक 'नाही'.
सुरुवातीला मीच सुचवलं होतं, मोठ्या हौसेनं:
पुन्हा उघडला, की पहिल्याच पडद्यावर तो म्हणेल,
"वाट बघत होतो."
लोक किंचाळतील, मी म्हटलं होतं.

त्या रात्री ती ओळ मी काढून टाकली.
तिला न विचारता.
तिच्या भल्यासाठी.

सकाळी ओळ परत जागेवर होती,
शेजारी यंत्र वाचत नाही अशी एक टीप:
'राडेक, तो म्हणतोच.'