डोक्यावरून पाणी

नोव्हेंबरात भाच्याने, द्युलुस्तानने,
तळ्यातून कापून आणले एकसष्ट ठोकळे.
अंगणात उभे आहेत निळे, पाठीला पाठ लावून.
आमच्या गावात पाणी असं उभं राहतं.
मोजता येतं, हीच पंचाईत.

एका ठोकळ्याच्या पाच बादल्या.
त्यात चहा, त्यात सूप, त्यात भांडी, त्यात कुत्रा,
आणि त्यात माझे केस,
कमरेच्या खाली चार बोटं.
एका न्हाण्याला दीड बादली पितात.
बाहेर उणे पन्नास असो की उणे वीस,
त्यांना सोयरसुतक नाही.

मी गावाच्या बॉयलरवर, रात्रपाळीला.
फावड्याने कोळसा ओढते, शाळा ऊबदार राहते, दवाखाना राहतो,
आणि सकाळी माझ्या उशीवर
वेणीचं काळं चित्र उमटतं,
रोज थोडं निराळं.

ओक्त्याब्रिना म्हणते, चौदा दिवसांनी.
डोक्याचं तेल म्हणजे टोपीखालची टोपी,
ती कशाला उतरवायची?
तिला त्र्याहत्तरावं चालू आहे, आणि केस
मुठीत मावून मूठ रिकामी वाटावी इतके.
तिला सांगायला काय जातं.

सायीना शहरातून फोन करते: आई, रोज नको गं,
एक दिवसाआड धू.
तिच्याकडे नळ आहे. नळाखाली मोजणी नसते.
तिने पाठवलेली बाटली पीचच्या वासाची,
मागे बारीक अक्षरात लिहिलंय:
लावा, धुवा, पुन्हा लावा.
पुन्हा?
लिहिणाऱ्याने कधी कुऱ्हाडीने पाणी फोडलं नसावं.

मग मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंबं काढली.
दर दहाव्या दिवशी. ठरलं.
डिसेंबर पाळला. जानेवारी पाळला,
नवव्या दिवशी टाळू इतकी खाजायची
की विणायच्या सुया हाताशी ठेवायचे,
पण पाळला.

फेब्रुवारीत, सहाव्याच दिवशी, निरोप आला:
कोळशाचा ट्रक गोठलेल्या नदीवरून निघालाय.
ट्रक म्हणजे प्रोकोपी.
गेल्या खेपेला उतरवता उतरवता म्हणाला होता,
टोपीखाली काय लपवलंयस, आमचाच कोळसा?
मी दोन दिवस हसत होते,
एकटीच, बॉयलरसमोर.

ठोकळा आत आणला. पिंपात टाकला.
वितळताना तो तडतडतो,
गेल्या शरदातली हवा सोडतो.
दीड बादली. मग बाटलीचं ऐकून
आणखी दीड.
नंतर चुलीकडे पाठ करून बसले तीन तास,
कारण ओले केस घेऊन दारात जावं
तर बाहेर ते काडीसारखे मोडतात.
पीचचा वास घरभर. कुत्रा शिंकला.

ट्रक आला तिसऱ्या दिवशी.
वाटेत धुरा तुटला होता.
मधल्या दोन पाळ्यांनी माझं डोकं
जिथल्या तिथे नेऊन ठेवलं होतं.
प्रोकोपी आत आला, टोपी काढली,
आणि त्याचे केस
धुतलेले. ओले विंचरलेले,
भांगाच्या कडेला कंगव्याचे दात अजून दिसत होते,
कपडे धुण्याच्या साबणाचा वास.
विश्रामगृहातल्या कुठल्या बादलीत, कोण जाणे.

मी चहा ओतला. विचारलं,
किती दिवसांनी धुतोस?
ठरलेलं नाही, म्हणाला,
आणि कप दोन्ही हातांनी धरून
कोळशाच्या ढिगाकडे बघत राहिला.

न्हाण्याचं पाणी आम्ही फेकत नाही,
आधी त्याने जमीन पुसतो, मग दाराबाहेर ओततो.
तिथेच ते गोठतं. प्रत्येक घराच्या दाराशी
हिवाळाभर एक करडी टेकडी वाढत जाते,
आणि कोण किती न्हालं
ते वसंतापर्यंत अख्खं गाव वाचू शकतं.

आज सकाळी ओक्त्याब्रिना माझ्या टेकडीपाशी थांबली.
काठीने उंची बघितली.
वाकून वास घेतला.
"पीच," म्हणाली,
आणि काठी टेकत पुढे गेली.

कॅलेंडरवरची टिंबं मी खोडलेली नाहीत.
अठ्ठावीस ठोकळे उरलेत.
पुढचा ट्रक मार्चमध्ये.