उन्हाळी, घोसीपुऱ्याच्या अलीकडे

छोट्या रेल्वेचे रूळ उचलून नेले त्या साली
मोजणीला आम्ही तिघं गेलो होतो:
मी, रामसेवक कुशवाह,
आणि एक टेप, जी अठरा मीटरवर अडकायची.

नोव्हेंबर. खडी, विड्यांची थोटकं,
स्लीपर होते तिथं आयताकृती खड्डे
आणि त्यांच्या काठाकाठानं ती –
गुडघ्याएवढी, धुळकट.
फूल म्हणजे मटाराच्या फुलाचं धाकटं भावंड,
जांभळं, पण दहादा धुतलेलं.

"सरफोंका," रामसेवक म्हणाला.
"इसकी जड़ पाताल तक जाती है, मैडम."
मी ओढून पाहिली.
फांदी हातात आली.

मग त्यानं एक पर्णिका खुडली,
दोन्ही टोकं चिमटीत धरून ताणली.
सरळ नाही तुटली;
बाणाच्या शेपटीला असते तशी खाच पडली.
दुसरी. तीच खाच.
टेप उन्हात तशीच पसरून ठेवून
आम्ही आख्खं पान संपवलं,
अकरा पर्णिका, अकरा बाण,
आणि मारायला कोणी नाही.

आमच्याकडे हिला उन्हाळी म्हणत.
जिवाजीगंजातल्या त्या दोन खोल्यांत
आईची दाढ ठणकली की अवधूतला पिटाळायची:
जा, उन्हाळीची मुळी आण.
तो तासाभरानं यायचा, ढोपरं माखलेली,
हातात कडुनिंबाची काडी, सोलून गुळगुळीत केलेली.
आई वास घ्यायची. त्याच्याकडे बघायची.
आणि चावत बसायची.

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं: झाडोरा, किरकोळ.
खाली सही, तारीख.

रात्री अवधूतला फोन लावला.
त्याच्याकडे सकाळ होती, मागे मिक्सर चालू.
म्हटलं, मूळ निघतच नाही रे तिचं.
मग तू तरी काय करणार होतास.

मिक्सर थांबला.
म्हणाला, एकदा निघालं होतं.
कंपूच्या मैदानामागे, पावसानं माती सैल झालेली.
माझ्या हाताएवढं लांब होतं, ताई,
आणि अंगावर बारीक बारीक गाठी.
एक नखानं फोडली,
आत गुलाबी.

मग?

मग काय. परत पुरलं.
आणि कडुनिंबाकडे गेलो.

जगलं का, विचारलं मी.
म्हणाला, बघायला गेलोच नाही.