शेरा

माळव्याच्या रात्रीचं कौतुक सगळ्यांनीच केलं.
सराफ्यात दुधाच्या कढईशी मफलर सावरत
अजून करतात: रात्र असावी तर आपल्या इंदूरची.
ती रात्र किती अंशांची होती
हे बघायला मात्र
कुणाला तरी कंदील घेऊन जावं लागायचं.

मला हे कळलं ते पोटापाण्याच्या ओघात.
संस्थानी काळातल्या हवामानाच्या वह्या
संगणकावर चढवायचं काम, एका नोंदीला चाळीस पैसे.
माझं नाव, ऑपरेटर चार.

वही सतरावी. कागदाला कापराचा आणि झुरळांचा
मिळून एकच वास.
कमाल, किमान, वारा, ढग, शेरा.
शेवटच्या रकान्यात निरीक्षकाची सही: मो. ता.
मोरेश्वर ताटके. छावणीपलीकडच्या माळावर
झरोक्यांची पांढरी पेटी, तिच्यात चार काचा,
त्या वाचणारा माणूस.

सन एकवीस, मार्गशीर्ष. किमान एक्कावन्न.
वारा उत्तरेचा, मंद.
शेऱ्यात लिहिलंय:
"मो. ता. आज पहाटे वारले. आकाश स्वच्छ."

आणि पुढे सही. मो. ता.

मी चहा बाजूला ठेवला.
मागची पानं काढली, त्याच्याही मागची.
अक्षर तेच. तो जिवंत होता तेव्हाही तेच,
"ता"चा काना वरच्या ओळीत घुसणारा,
जागा मागून न घेणारा.
मग सव्वीस वर्षं तो मेलेला माणूस
रोज दोनदा सही करत राहिला.

कचेरीला ठाऊक होतं. पगारपत्रक तसं सांगतं:
पेटीची झाडलोट, बाई एक, दरमहा दोन रुपये.
अंगठ्यासाठी आखलेल्या चौकोनात
पूर्ण सही, वळणदार, सगुणा मोरेश्वर ताटके.
चौकोन पुरला नाही.
"टके" बाहेर, समासात.

फोटो नाही. मुलंबाळं होती की नाही, माहीत नाही.
तिला थंडी वाजायची का?
वहीत थंडी आहे, वाजणं नाही.
एका श्रावणात तीन दिवस अक्षर डावीकडे कललंय.
ताप असेल. हात मोडला असेल. मी काय सांगू.
आकडे मात्र आहेत, तिन्ही दिवसांचे,
सकाळचे आणि संध्याकाळचे.

सन पस्तीस, जानेवारी.
किमान एकतीस पूर्णांक दोन.
इकडच्या भाषेत, पाला पडला;
देवास नाक्यापर्यंतचा हरभरा एका रात्रीत काळा झाला असणार.
पडद्यावर लाल पट्टी येते:
शंकास्पद नोंद. वगळायची?
मशीनचंही बरोबर आहे, आजूबाजूचे आकडे
चाळिशीच्या खाली उतरत नाहीत.

शेरा वाचते.
"काच दोनदा पाहिली. कंदील लांब धरून पाहिली.
चूक नाही."

कंदील लांब धरून. म्हणजे ज्योतीची ऊब
पाऱ्याला लागू नये म्हणून.
म्हणजे हात ताणून, अंधारात, श्वास रोखून,
कारण श्वासही गरम असतो.
हे तिला कुणी शिकवलं?
दोन रुपयांत झाडलोट येते, हे येत नाही.

मी "नाही" दाबते.
मशीन विचारतं, कोणाच्या खात्रीवर?
निरीक्षकांची यादी उघडते. तिच्यात मो. ता. आहे,
त्याच्याआधीचा एक साहेब आहे, नंतरचे दोन.
मी टंकते: स. ता.
नाव यादीत नाही.
पुन्हा टंकते. नाव यादीत नाही.

पलीकडच्या टेबलावरचा जोशीदादा म्हणतो,
अरे भिया, एका नोंदीत किती वेळ?
चाळीस पैशांत चाळीस मिनिटं?

खरंय. घरी जायचं आहे, स्कूटीत पेट्रोल नाही,
माळावर आता पार्किंग आहे, पेटीचा खुंटही नाही.
यादीतला मो. ता. मी निवडते.
इतर सगळ्यांनी निवडला तसाच.

खाली शेऱ्याचा रकाना मोकळा असतो,
तिथे मशीन काही विचारत नाही.
तिथे मी लिहिते:
दोनदा पाहिले.